नाव न घेतलेला घोडा

नाताळच्या सकाळची प्रार्थना संपली की किलव्हॅरा गावातल्या बायका लगबगीनं घराकडे निघायच्या, कारण चुलीवर डुकराच्या मांडीचा हॅम रटरटत असायचा. पुरुष मात्र चर्चच्या आवारातल्या दगडी भिंतीच्या आडोशाला रेंगाळायचे. कॉलर वर केलेल्या, हात खिशात. दुसऱ्या दिवशी सेंट स्टीफनचा सण, आणि त्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर अडथळ्यांच्या शर्यती. उद्या कोणता घोडा जिंकेल हे फिंटन हार्नी त्या भिंतीपाशी उभा राहून सांगायचा. त्याच्या आधी त्याचा काका सांगायचा, काकाच्या आधी आणखी कुणी.

फिंटन स्वतः जॉकी होता, तरुणपणी. आता खुब्यातून एका अंगाला कलून चालायचा आणि रेसकोर्सवर घोड्यांनी ओलांडायची कुंपणं बांधायचा. हिवाळ्याच्या तोंडाशी बर्च झाडाच्या फांद्या तोडून आणायच्या, जुड्या करून चौकटीत ठोकून बसवायच्या, वरून छाटून सारख्या करायच्या. तळहातांना कायम चरे. घोडा बघून मत देणारे गावात पुष्कळ होते. फिंटन घोडा ऐकायचा. कॉन ब्रेनॉकच्या तबेल्यातले घोडे रोज उजाडताना त्याच्या खिडकीखालच्या डांबरी रस्त्यानं माळाकडे जात, आणि फिंटन स्वयंपाकघरात दिवा न लावता, चहाचा कप हातात धरून बसलेला असे. कोणता घोडा ताजा, कोणता कंटाळलेला, कुणाच्या छातीत शिट्टी वाजते, सगळं त्याला तिथे बसून कळायचं.

भिंतीपाशी बोलायची एक रीत होती. शेजाऱ्याच्या घोड्याला चारचौघांत वाईट म्हणायचं नाही. त्या घोड्याला कुणीतरी पहाटे उठून चारा घातलेला असतो, कुणाच्या तरी घरचं वर्ष त्याच्यावर उभं असतं. म्हणून फिंटनला जो घोडा पटत नसे त्याचं तो नाव घेत नसे, बस्स. ऐकणारे समजून जायचे. कारण कुणी विचारत नसे.

त्या वर्षी चौथ्या शर्यतीत, दिवसातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत, ब्रेनॉकचा टिंकर्स गेट धावणार होता. आणि त्याच्यावर बसणार होती ब्रोना, फिंटनची मुलगी.

ब्रोना ब्रेनॉककडेच कामाला होती. पोरीला उंच कुंपणांवर घोडा कोण देतो? घोडे साफ करायला देतात. शरद ऋतूत ब्रेनॉकचा नेहमीचा जॉकी आजारी पडला म्हणून त्यानं नाइलाजानं तिला टिंकर्स गेटवर बसवलं, आणि ती जिंकून आली. ती उद्या पुन्हा जिंकली तर दुसऱ्या तबेल्यांतून हाका येणार होत्या. हरली तर कुणी काही म्हणणार नव्हतं. पण ती बसायला नाही म्हणाली असती, तर मात्र तिला जन्मभर खरारा धरावा लागला असता.

नाताळच्या काही दिवस आधी फिंटननं तो आवाज ऐकला. दुडकी चाल. टप टप, टप टप, आणि मग एक टाप जराशी हलकी. डावा पुढचा पाय. घोडा तो पाय जमिनीवर टेकवत होता, पण अंग टाकत नव्हता. फिंटननं कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी कान देऊन बसला तर तो घोडा ऐकूच आला नाही. खिडकीशी जाऊन बघितलं. बाकीचे घोडे रस्त्यावरून चालले होते आणि टिंकर्स गेटला ब्रेनॉक स्वतः हातात धरून कडेच्या गवतावरून नेत होता. गवतावर टापा वाजत नाहीत. खिडकीखालून जाताना ब्रेनॉकनं वर बघितलं नाही.

त्याच दिवशी दुपारी ब्रोना घरी आली तेव्हा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "टिंकर कसा आहे?"

"कॉन कुणाला हात लावू देत नाही त्याला. म्हणतो जपून ठेवलाय. अंडी घालून दूध पाजतोय."

"हं."

"हं काय, डॅडी?"

"काही नाही. दूध पितोय तर बरंय."

त्यानं सांगितलं नाही. त्याला कारण होतं, आणि ते त्याच्या खुब्यातच होतं. तरुणपणी एका शर्यतीच्या सकाळी कुणा भल्या माणसानं त्याच्या कानात सांगितलं होतं की तुझ्या घोड्याचा दम खरा नाही. शेवटून दुसऱ्या कुंपणापाशी त्याला ते आठवलं, लगामावरचा हात किंचित मागे आला, घोडा गोंधळला, आणि दोघं कुंपणातून आरपार गेले. कुंपणावर शंका घेऊन जाणारा जॉकी मरतो, हे फिंटननं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं होतं. आपल्या पोरीच्या कानात त्याला शंका घालायची नव्हती. भिंतीपाशी नाव घेणार नाही, एवढं त्यानं ठरवलं. तिच्यापर्यंत ते पोचेल. मग बसायचं की नाही, ते तिचं ती बघेल. चार पिढ्यांची रीत होती. ती आपल्यापुरती कमी पडेल असं त्याला वाटलं नाही.

नाताळच्या सकाळी भिंतीपाशी गर्दी होती. गवतावर दंव, तोंडातून वाफा. ब्रेनॉक थोडा लांब, फाटकापाशी उभा राहून पाइप पेटवत होता. पोस्टातून निवृत्त झालेला डिन्नी लेही पुढे सरकला.

"बोल फिंटन. हॅम वाट बघतोय."

"तुझ्या बायकोचा हॅम वाट बघत नसतो, डिन्नी. तो तिच्यासारखाच कडक असतो, उद्यापर्यंत टिकेल."

लोक हसले. फिंटननं टोपी मागे सारली.

"पहिली, लहान अडथळ्यांची. लेडी ऑफ क्लेअर. मैदान मऊ आहे, ती चिखलात पोहते. दुसरीत नवीन घोडे, त्यांचं देवाला माहीत, तरी हॅनली बंधूंचा पांढऱ्या कपाळाचा बघा. शेवटी चढ आहे, तिथे तो दमणार नाही. तिसरीत कुणीही जिंकलं तरी मला नवल नाही."

"ही कसली टिप झाली, लेका?"

"फुकटची. चौथी." त्यानं टोपी पुन्हा पुढे ओढली. "सॉल्ट हार्बर. उतारावर उडी मारणारा घोडा आहे, घाई करत नाही. त्याच्या मागोमाग मंडे फेअर. पाचवीत..."

तो पाचवीबद्दल बोलला, सहावीबद्दल बोलला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. भिंतीला टेकलेल्या माणसांमधून काहीतरी सरकत गेलं. एकमेकांना कोपर लागलं. डिन्नीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"टिंकर्स गेट गाळला," तो शेजारच्याला म्हणाला, ऐकू जाईल इतक्या हळू. "अरे, स्वतःच्या पोरीचा घोडा कुणी भिंतीवर टांगतो का? आपण सगळ्यांनी त्याच्यावर पैसे लावले की भाव पडला, मग त्याला स्वतःला काय मिळणार? लबाड आहे म्हातारा."

फिंटननं ते ऐकलं. त्याचे कान चांगले होते. फाटकापाशी ब्रेनॉकची काडी विझली आणि त्यानं दुसरी ओढली नाही. त्या वेळी फिंटननं एक वाक्य बोलायला हवं होतं. त्याच्या तोंडात ते वाक्य आलंही होतं. पण शेजाऱ्याच्या घोड्याला त्या भिंतीपाशी त्याच्या काकानं कधी वाईट म्हटलं नव्हतं, आणि समोर तोच शेजारी विझलेली काडी धरून उभा होता. तेवढ्यात फादर बाहेर आले, सगळ्यांनी टोप्या काढल्या, नाताळच्या शुभेच्छा झाल्या, आणि माणसं पांगली.

जेवायला ब्रोना होती. उद्या जॉकीच्या वजनात बसायचं म्हणून ताटात हॅमची पातळ चकती आणि उकडलेला कोबी. फिलोमिना, तिची आई, तीनदा पुडिंग पुढे करून थकली.

"घास तरी खा गं. वारा आला तर उडून जाशील."

"उडायचंच आहे उद्या, मम्मी."

बशा उचलताना ब्रोना बापाच्या खुर्चीमागे थांबली. "डिन्नी भेटला वाटेत. तू टिंकरचं नाव घेतलं नाहीस म्हणे."

"नाही घेतलं."

तिनं त्याचा खांदा दाबला. "समजलं मला."

फिंटनच्या छातीवरचा दगड उतरला. पोचलं तिला. आता ती शहाणी आहे. त्या रात्री तो बरेच दिवसांनी गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या जागी उभा राहिला, शेवटून दुसऱ्या कुंपणापाशी, गर्दीपासून लांब. ते कुंपण त्यानंच बांधलं होतं. प्रत्येक जुडी त्याच्या हाताची. चौथीचे घोडे आरंभाकडे निघाले तेव्हा तो वाट बघत होता की एक घोडा रांगेतून बाहेर पडेल, जनावरांचा डॉक्टर येईल, पाय उचलून बघेल. कुणी बाहेर पडलं नाही. लांबवर निशाण खाली आलं.

पहिल्या फेरीत ते सगळे एका घोळक्यात त्याच्यासमोरून गेले आणि त्या गडगडाटात त्याला एक पाय वेगळा काढता आला नाही. दुसऱ्या फेरीत टिंकर्स गेट एकटा पुढे होता. मऊ जमिनीतून आवाज आधी तळपायांना येतो, मग कानाला. फिंटनला तो आला. तीन टापा, आणि चौथी हलकी. त्यानं हात वर केला. कुणासाठी, ते त्यालाही कळलं नाही. ब्रोना पुढे वाकली होती आणि घोड्याला लांब उडी मागत होती. हात मागे घेतलेला नव्हता. लगाम मोकळा, पूर्ण भरवसा टाकलेला. फिंटननं आयुष्यात इतकी निःशंक उडी मागताना कुणाला बघितलं नव्हतं. घोड्यानं ती द्यायचा प्रयत्न केला, डाव्या पायावर जोर घेतला, आणि तो पाय नव्हताच.

बर्चच्या काटक्या बराच वेळ हवेत होत्या.

घोड्याभोवती, गोळी घालण्याआधी, हिरवे कापडी पडदे उभे केले. ब्रोनाभोवतीही केले, वाऱ्यासाठी, असं कुणीतरी म्हणालं. तिचे डोळे उघडे होते. ती म्हणाली, "डॅडी, माझे बूट काढू नकोस हां," आणि बूट कधीच काढलेले होते.

सहा जानेवारीला, बायकांच्या नाताळाला, त्या मुलखातले पुरुष स्वयंपाक करतात आणि बायका पाय पसरून बसतात. फिंटननं सकाळी सोडा घालून पाव भाजला. एका बाजूनं करपला. पाव फडक्यात गुंडाळून तो बसनं डब्लिनच्या दवाखान्यात गेला. ब्रोना उताणी निजलेली होती. कमरेखाली चादर सपाट आणि नीट, कुणीच न हलवल्यासारखी. फिंटन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

"आरंभाकडे जाताना मला कळलं होतं," ब्रोना छताकडे बघत म्हणाली. "डावा पाय. अगदी जरासा. वाटलं डॉक्टरला हाक मारावी. मग म्हटलं, हा घोडा रोज डॅडीच्या खिडकीखालून जातो. काही असतं तर त्याला ऐकू आलं असतं."

फिंटननं पावाचं फडकं दुसऱ्या हातात घेतलं.

"नाव घेतलं नाहीस म्हणून सगळे म्हणाले, लपवतोय. मलाही तेच वाटलं. वाईट असतं तर तू मला घरात सांगितलं असतंस. मी तुझी मुलगी आहे. भिंतीपाशी उभं राहणारी कुणी नाही मी."

गाडा ढकलत एक नर्स गेली. तिची पावलं लांब जाईपर्यंत दोघं थांबले.

"मी ऐकलं होतं," फिंटन म्हणाला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू आलास आणि खुर्ची असून बसला नाहीस तेव्हापासून." तिनं नजर खुर्चीकडे वळवली. "बस आता. आणि तो पाव दे. करपल्याचा वास येतोय."

तिनं एक तुकडा खाल्ला. करपलेल्या बाजूकडचा.

पुढच्या नाताळला फिंटन भिंतीपाशी उभा राहिला तेव्हा लोकांना वाटलं होतं तो येणार नाही. ब्रोनाची चाकांची खुर्ची फिलोमिनानं फाटकाशी उभी केली होती, मांडीवर घोंगडी. फिंटननं टोपी काढून हातात धरली आणि पहिल्या शर्यतीपासून सुरुवात केली. जिंकणाऱ्यांपासून नव्हे. एकेका घोड्याचं नाव घेऊन, त्यानं काय ऐकलं ते.

"हॅनलींचा पांढऱ्या कपाळाचा. यंदा छातीत शिट्टी आहे. चढावर दम जाईल."

"अरे फिंटन," थोरला हॅनली पुटपुटला.

"कॉन, तुझी तपकिरी घोडी. मागचा उजवा पाय ओढते. परवापासून."

ब्रेनॉकनं तोंडातला पाइप काढला. "आज नाताळ आहे, फिंटन."

"हो. उद्या स्टीफन आहे."

कुणी हसलं नाही. मालक आधी गेले, मग त्यांची माणसं, मग हॅमचं निमित्त सांगून उरलेले. फिंटन थांबला नाही. आवाजही वाढवला नाही. सहावी शर्यत संपेपर्यंत भिंतीला टेकून फक्त डिन्नी लेही राहिला होता आणि तोही बुटांकडे बघत होता. फिंटननं टोपी घातली.

"तिसरीतला एक राहिला," फाटकाशी ब्रोना म्हणाली.

"कोणता?"

"ग्रे लार्क."

"तो परगावचा आहे. मी ऐकलेला नाही त्याला."

"मग तसं सांग."

फिंटननं पुन्हा टोपी काढली आणि भिंतीकडे वळला.

"ग्रे लार्क," तो डिन्नीला म्हणाला. "हा मी ऐकलेला नाही."