भिंत नसलेलं फाटक

जेवण झालं की मी ओटीवर चटई टाकते आणि आडवी होते. झोप लागतेच असं नाही. डोळे मिटले की समुद्र जवळ येतो, उघडले की परत आपल्या जागी. आज मिटलेत आणि तो चांगलाच जवळ आलाय. उशीखालची वाळू सरकवतोय म्हणा ना. सरकव बाबा, तुला कोण अडवणार!

चार वाजता गावातली माणसं यायची आहेत. सकाळीच द्रौपदी खारवीण दारात उभी राहून बजावून गेली, "काकू, आज हो नायतर नाय, काय ता एकच सांगा. दगडांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या हायत." हे दगड बंधाऱ्याचे. समुद्र दर पावसाळ्यात किनारा खातोय, म्हणून गावभर दगडी बंधारा घालताहेत, आणि आमचं घर अगदी टोकाचं. इकडे दगड आणायचे तर आमच्या माडांच्या आगरातूनच आणावे लागतील. सरकारी साहेब म्हणतात, मालकिणीची संमती हवी. गाव म्हणतं, संमती द्या आणि ते समुद्राकडचं फाटकही कायमचं काढा, आमची जुनी वाट मोकळी करा. हो म्हटलं तर घर वाचेल. नाही म्हटलं तर बंधारा शेजारच्या हद्दीवर थांबेल, आणि पुढच्या पावसात मी ही चटई कुठे टाकीन ते सांगता येत नाही.

इतकं सोपं आहे. तरी माझ्या तोंडून हो निघत नाही, कारण आमच्या ह्यांनी जाण्याआधी मला बजावलंय, "इंदू, मी असेन नसेन, फाटक उघडायचं नाही." आणि नाहीसुद्धा निघत नाही. खरं सांगायचं तर मला कशाचंच काही वाटत नाही. श्रावणात दारचा माड मुळासकट समुद्रात गेला, तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली, शिंतोडे येत होते म्हणून.

कडी वाजते.

"कोण आहे?"

"मी आहे. उघड."

आवाज ह्यांचा. जाऊन वर्ष होईल येत्या मार्गशीर्षात. मी चटईवर आहे आणि त्याच वेळी आगराच्या टोकाला, फाटकाशी उभी आहे, त्याचं मला नवल वाटत नाही. गजांपलीकडे हे. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, वर उघडे. चेहरा बरा दिसतोय, दवाखान्यातल्यापेक्षा पुष्कळ बरा. मागे समुद्र हलतोय, पण त्याचा आवाज होत नाही.

"अहो, तुम्ही!"

"मग कोण असणार? उन्हात उभं केलंयस. उघड लवकर."

"चावी?"

ह्यांचा हात सवयीने कमरेकडे जातो, जानवं चाचपतो. जानवं नाही.

आता ही चावीची गोष्ट सांगायलाच हवी. आमचे हे इंजिनियर. ठाण्यातली नोकरी संपली आणि इथे समुद्रकाठी घर बांधलं. तेव्हा समुद्र इतका लांब होता की तिथवर जाईपर्यंत वाळूत पाय भाजायचे. आगराच्या टोकाला तेव्हा बेडं होतं. बेडं म्हणजे भोकं पाडलेले दोन खांब आणि त्यांत आडवे सरकवलेले बांबू. ज्याला जायचं असेल त्याने बांबू सरकवायचे, पलीकडे व्हायचं आणि परत जागेवर घालायचे, नाहीतर गुरं आत शिरतात. सगळा खारवीवाडा त्या वाटेने मासेमारीला समुद्रावर जायचा. मग गाड्या घेऊन पाहुणे यायला लागले. बाटल्या, पाकिटं, आणि एका टोळक्याने तर आमच्या विहिरीच्या काठावर केक कापला. ह्यांचं डोकं फिरलं. माझंही फिरलं होतं, उगाच कशाला खोटं बोलू? पण पाहुण्यांवरचा राग ह्यांनी गावावर काढला. बेडं गेलं, लोखंडी फाटक आलं, दोन्ही बाजूंना भिंत आली, आणि कुलपाची चावी ह्यांच्या जानव्याला. खारवी म्हणाले, बापजाद्यांची वाट आहे आमची. हे म्हणाले, सातबाऱ्यावर दाखवा. कोर्ट झालं, बोलणं बंद झालं.

आणि हे गेले तेव्हा खांदा द्यायला तेच खारवी आले. स्मशान समुद्राच्या पुळणीवरच आहे, फाटकातून बाहेर पडलं की समोर. तिरडी फाटकाशी पोचली आणि सगळे थांबले. चावी कुठाय? चावी ह्यांच्या अंगावर, पांढऱ्या कापडाखाली. जानव्यासकट बांधून टाकली, कुणाच्या लक्षातच आलं नाही. भटजी म्हणाले, एकदा बांधलेली तिरडी सोडायची नसते. झालं! मग खारव्यांनी ह्यांना मागे फिरवलं आणि रस्त्याने, खाडीला वळसा घालून, भर उन्हातून नेलं. मी ओटीवरून बघत होते आणि मनात एवढंच येत होतं की ह्यांना ऊन सोसत नाही. भाचा सावडायला गेला तेव्हा राखेत चावी काही सापडली नाही.

"चावी गेली," मी ह्यांना सांगते. "तुमच्याबरोबरच गेली."

"हात्तिच्या! आणि दुसरी?"

"दुसरी तुम्हीच समुद्रात भिरकावलीत. म्हणालात, दोन चाव्या असल्या की बायका उघडतात."

"असं म्हणालो?"

"असंच म्हणालात."

हे कुलूप हलवून बघतात. गंजलंय, पण पक्कं आहे. ह्यांच्या हातची वस्तू, पक्की असणारच.

"अहो, पण भिंत कुठाय? बघा तरी. बाजूनं या की." श्रावणातच समुद्राने दोन्हीकडची भिंत नेली. फाटक तेवढं उभं आहे, कुलपासकट, आणि इकडेतिकडे नुसती वाळू.

"बाजूनं?" ह्यांचा चेहरा पडतो. "स्वतःच्या घरात चोरासारखा बाजूनं शिरू?"

"खारवीसुद्धा हेच म्हणतात. भिंत गेल्यापासून एक माणूस बाजूनं गेलेला नाही. यंदाचे गणपतीसुद्धा वळसा घालून नेले त्यांनी. म्हणाले, नेऊ तर वाटेनं नेऊ, फटीतनं नाय."

"असं म्हणाले?"

"हो. तुमच्याच पंगतीतले सगळे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही."

हे हसतात. जिवंतपणी हसले नसते, दोन दिवस जेवले नसते.

फाटकाचे गज बारीक होत जातात. आता ते आमच्या ठाण्याच्या ब्लॉकचं जाळीचं दार आहे. हे जिन्यात उभे, हातात डबा, कपाळाला घाम. शेजारच्यांच्या रेडिओवर बातम्या लागल्यात.

"काय केलंयस?"

"मेथी."

"पीठ पेरून?"

"पेरून."

जिन्यावरून पाणी उतरतंय, एकेक पायरी, काही घाई नसल्यासारखं. शेजारच्या दारातल्या चपला तरंगायला लागतात.

"इथेही आलं का हे?" मी विचारते.

"येतंच. तू आत घे ना मला."

मी दाराची कडी शोधते. कडी असते तिथे गार, सपाट लोखंड आहे. हात फिरवत राहते आणि माझ्या हाताखाली बाक लागतो. आम्ही कोर्टाच्या बाहेर बाकावर बसलोय, दोघंही पाय वर घेऊन, कारण खाली भरती आहे. पट्टेवाला ह्यांचं नाव पुकारतो. हे उठत नाहीत.

"उठा ना, तुम्हाला बोलावताहेत."

"मेलेल्याला पुकारतात होय?"

"केस चालू आहे अजून."

"अजून?" हे पाण्याकडे बघतात. पाण्यात आमच्याच आगरातल्या सोडणांचा, नारळाच्या सालांचा थर आहे, नारळ एकही नाही. "मग आज काय सांगणार तू त्यांना? चार वाजता येणार ना?"

"ते तुम्हीच सांगा. मी तुमचा शब्द धरून बसलेय."

"कुठला शब्द?"

"फाटक उघडायचं नाही."

"कधी म्हणालो मी?"

"दवाखान्यात. नाकातली नळी बाजूला करून म्हणालात. नर्स ओरडलीसुद्धा तुमच्यावर."

हे आठवायचा प्रयत्न करतात. अगदी मनापासून करतात, चष्म्याच्या जागी बोट नेतात. "नाही गं," म्हणतात. "नर्स आठवते. ते नाही आठवत."

आता मला राग यायला हवा. लेक नाशिकहून रोज फोन करते, आई, सही दे आणि मोकळी हो. द्रौपदीने माझ्या ओटीवर बसून हात जोडले. सगळ्यांना मी ह्यांचा शब्द सांगत आले, आणि ज्यांचा शब्द त्यांना आठवतही नाही. काय म्हणावं ह्याला! राग येतोय का बघते. येत नाही. नुसते पाय गार पडलेत.

"इंदू, तहान लागलीय."

"विहीर खारट झालीय. आत या, माठातलं देते."

"उघड मग."

पुन्हा तेच. आम्ही पुन्हा आगराच्या टोकाला आहोत, ते पलीकडे आणि मी अलीकडे, आणि कुलपाला लावायला माझ्याकडे काही नाही.

"ते आपलं बेडं कुठाय?" हे विचारतात.

"खांब विहिरीमागे पडलेत. बांबू परसात वळणीला लावलेत मी, कपडे वाळत घालायला."

म्हणते आणि बघते तर परस तिथेच आहे. फाटक नाही. दोन खांब आहेत आणि त्यांत आडवे बांबू, आणि बांबूंवर कपडे वाळताहेत, माझी दोन पातळं आणि ह्यांचा सदरा. मी आधी कपडे काढते. वाळलेत, म्हणून घड्या घालते. हे पलीकडे ताटकळत उभे, पण कधी नव्हे ते काही बोलत नाहीत. मग मी वरचा बांबू ओढते. खरखरीत आहे, जड आहे, उन्हाने तापलाय. तो सुटतो. मधला सुटतो. खालचा हे पायानेच सरकवतात आणि आत येतात.

आत येतात आणि थांबतात. मला वाटतं, आता पाणी मागतील. पण हे वळतात, खाली वाकतात आणि बांबू परत जागेवर घालायला लागतात. उभ्या आयुष्यात ह्यांनी कधी बांबू परत घातला नव्हता. सरळ निघून जायचे आणि मागून मी घालायची, आणि तेवढ्यात कुणाची तरी शेळी माझ्या अळवात.

"अहो, राहू दे. मी घालते."

"घालायला पाहिजेत," हे म्हणतात. "गुरं शिरतील."

खालचा बसतो. मधला बसतो. वरचा काही भोकात जात नाही. "जरा धर तिकडून," हे म्हणतात. मी दोन्ही हातांनी धरते. ह्यांचा हात माझ्या हाताशेजारी आहे, ओला, आणि मी तिकडे बघत नाही, बघितलं तर जाईल म्हणून. आम्ही दोघं मिळून दाबतो.

"काकू! ओ काकू! निजलाव काय?"

ओटी. चटई. ऊन पायरीपर्यंत आलंय. अंगणात द्रौपदी उभी आहे आणि तिच्यामागे खारवीवाड्यातले पाचसहा बाप्ये, कुणी माझ्याकडे बघत नाही, सगळे माडांकडे बघताहेत. मी उठायला हात टेकते आणि तळव्यात कळ जाते. बघते तर कूस, सुईसारखी काडी. चांगली लांब, पिवळी, अंगठ्याच्या खाली आत गेलेली. आज मी वळणीला हात लावलेला नाही. नळाला पाणीच आलं नाही, कपडे तसेच मोरीत पडलेत.

"काय ठरवलाव?" द्रौपदी विचारते. "हो की नाय?"

मी हात पुढे करते.

ती बघते. मग पायरीवर बसते, बांगडीतली सेफ्टी पिन काढते आणि माझा हात आपल्या गुडघ्यावर घेते. आमच्यात फाटक आलं त्याआधी ती अशीच बसायची, माझ्या पायातले काटे काढायला. मी ठाण्याची, अनवाणी चालायची अक्कल नव्हती.

"बांबूची हाय," ती म्हणते. "बांबू कुठला धरलाव?"

"बेड्याचा."

"बेडं कुठं ऱ्हायलंय आता?"

"परसात आहे. वळणीचे बांबू आहेत ना, तेच. खांब विहिरीमागे. ह्या बाप्यांना सांग, फाटक पाडा आणि दगडाच्या गाड्या आणा. जिथं सही हवी तिथं करते. पण काम झालं की तिथे बेडं घालायचं. आणि काढाल ते बांबू परत घालायचे, आत्ताच सांगून ठेवते!"

मागे कुणीतरी हसतं. "घालू, घालू," द्रौपदी म्हणते. "आमी कवा नाय घातले?"

पिनेचं टोक आत जातं. ती कूस अलगद ओढते, रक्ताचा थेंब येतो, तो ती पदराने पुसते. "दुखलं काय?"

वर्षभर सगळे मला असंच काहीबाही विचारताहेत आणि मी सगळ्यांना नाही म्हणतेय. तेच म्हणायला तोंड उघडते.

"दुखलं," मी म्हणते. "खूप दुखलं गं, द्रौपदी." आणि मला रडू फुटतं, सगळ्यांच्या देखत, थांबवू म्हटलं तर थांबत नाही.

बाप्ये चुळबुळतात. "व्हा तुमी पुढं," द्रौपदी त्यांना म्हणते. "मी हाय हितं."

ते आगरातून खाली जातात. थोड्या वेळाने लोखंडावर घण पडल्याचा आवाज येतो, एकदा, मग पुन्हा. द्रौपदीने माझा हात अजून सोडलेला नाही.