फेट्याखालचा रंग

केसांच्या रंगाचा वास आला की गुंजी गावातलं भर मे महिन्यातलं ते लग्न आठवतं. भाचीच्या मागं मामा म्हणून उभं राहायचं, म्हणून सकाळी घाईत पांढरे केस काळे केले आणि ओल्या डोक्यावरच फेटा बांधून घेतला. मंगलाष्टकं चालू असताना घामाबरोबर रंग कानशिलावरून ओघळला आणि तिच्या पिवळ्या साडीच्या पदरावर टपकला. व्याही बघतच राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरली बहीण, आमची आक्का, पटकन म्हणाली, “तीट हाय ती. दृष्ट लागू न्हाय म्हणून मामानं लावलीया.” तेव्हापासून केस पांढरेच ठेवलेत. पण भाची सणाला अजून तीच साडी नेसून येते, डाग न लपवता, आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं डोळे पुसायला आत जातो.