तारमास्तरांची न पोचलेली तार

महेशचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजत होते आणि मी बेळगावच्या घरी ओट्याशी उभी राहून दुधी किसत होते. महेश म्हणजे माझा भाचा, अण्णाचा मुलगा. "आते," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "बोल रे, काय झालं?" तर म्हणतो, "अण्णांची तब्येत जरा जास्ती आसा. तू लगेच निघ." ...मी किसणी खाली ठेवली. तब्येत जास्त, लगेच निघ! तारमास्तराच्या मुलानं तारमास्तराच्या बहिणीला हे सांगावं? मला काय ते कळलं. पुढे काही विचारलंच नाही. शेजाऱ्यांची गाडी आणि त्यांचा ड्रायव्हर घेतला आणि अंगावरच्या साडीनिशी निघाले. आंबोलीचा घाट लागला तर धुक्यानं समोरचं काही दिसत नव्हतं. ड्रायव्हर बिचारा जपून चालवत होता आणि मी मागून त्याच्यावर खेकसत होते, "अहो, दाबा की जरा गाडी! माणूस तिकडे पडलाय माझा!" एका वळणावर समोरून ट्रक आला, ड्रायव्हरनं गाडी आत घेतली ती कठड्याला घासली. तो खाली उतरला, पत्रा बघून परत बसला आणि म्हणाला, "आजी, घरी मलाही दोन मुलं आहेत." तरी मी घाईच करत होते. बाराच्या सुमारास पोचले. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, माणसं जमलेली होती आणि ओटीवर अण्णा... पायाचे अंगठे बांधलेला.

आमचं गाव मालवणपासून बसनं अर्ध्या तासावर. अण्णा तिथल्या पोस्टात तारेवर बसायचा. पुढे तो पोस्टमास्तर झाला, निवृत्तही झाला, पण गावानं त्याला मरेपर्यंत तारमास्तरच म्हटलं. निम्म्या घरांतले कर्ते पुरुष मुंबईला नोकरीत, घरी म्हातारी माणसं आणि बायका. काही कमीजास्त झालं की वाडीतलं कोणीतरी धापा टाकत अण्णापुढे उभं. ज्यांना चार अक्षरं येत तेही फॉर्म त्याच्याकडे सरकवायचे, "मास्तरांनू, तुमीच लिवा." मी अण्णापेक्षा बारा वर्षांनी लहान. कॉलेज सुटलं की पोस्टातल्या बाकावर बसून त्याची ड्युटी संपायची वाट बघायची आणि मग दोघं एका सायकलवरून घरी. म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मजकूर ठरलेला असायचा. फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. वडील त्याआधीच गेलेले असायचे. पण परमुलखात एकटा असलेल्या पोराला 'बाप गेला' असं एकदम कसं कळवायचं, म्हणून 'सीरियस' लिहायचं आणि तो धावत यावा म्हणून शेवटी 'इमिजिएटली'. वर्षानुवर्षं हेच चाललं. अण्णाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, जोपर्यंत आमची भागीकाकी पोस्टात आली नव्हती तोपर्यंत. तिला लेकाला गावी बोलवायचं होतं. अण्णा म्हणाला, साधं पत्र टाक. ती ऐकते कसली! "पत्राक तो भीक घालणा नाय. तो कडक शब्द घाल, इमिजेट का काय तो." अण्णानं घातला. तिसऱ्या दिवशी भागीकाकीचा लेक चार नातेवाईकांना घेऊन पाणंदीतूनच गळा काढत आला, आणि ही बया खळ्यात बसून वाळत घातलेल्या सुंगटांवरचे, म्हणजे कोळंबीवरचे, कावळे हाकतेय! "आये, तू जिती?" "मगे काय मरू? तुझ्यासाठी चेडू बघून ठेवलंय मी!"

तो लेक दुसऱ्या दिवशी पोस्टात भांडायला आला. मी बाकावर होते. अण्णा त्याला शांतपणे समजावत होता, "अरे, त्या शब्दाचो अर्थ फकस्त ताबडतोब." त्यावर तो जे बोलला ते अण्णा शेवटपर्यंत विसरला नाही. तो म्हणाला, "मास्तरांनू, तो अर्थ तुमच्या पुस्तकात. आमच्या खोलयेत आमी गावची बारा माणसां रवतो. थंय त्येचो अर्थ मयत." त्या दिवशी अण्णा जेवताना एकदम म्हणाला, "बाय, मगे जो अजून जितो आसा, त्येच्यासाठी मी काय लिवू?"

त्यावर त्यानंच तोडगा काढला. माणूस खरोखर आजारी असेल, शुद्धीवर असेल, लेकाचं तोंड बघायची इच्छा असेल तर तारेत 'कम सून' लिहायचं. आपल्या घरच्या सुनेशी या सूनचा काही संबंध नाही, पण गावात त्यावरून पुष्कळ चेष्टा झाली. हळूहळू मुंबईतल्या आमच्या लोकांना ती खूण कळली. 'सून' आलं की माणूस जिवंत आहे, दोन शब्द बोलता येतील. 'इमिजिएटली' आलं की खांदा द्यायलाच जायचं. आणि इथेच अण्णाचं गणित चुकलं. 'इमिजिएटली' मिळालेला माणूस मिळेल त्या गाडीनं निघायचा आणि 'सून' मिळालेला म्हणायचा, बरं आहे, अजून वेळ आहे. रजा मिळू दे, पुढचा पगार होऊ दे. कितीतरी म्हातारे दाराकडे डोळे लावून गेले आणि मग अण्णाला त्याच पत्त्यावर दुसरी तार करावी लागली. वाडीतला एक जण तर ती दुसरी तार घेऊन असा काही सुटला की फोंडा घाटात त्याची जीप उलटली. बाप जळून राख झाला होता आणि हा कणकवलीला दवाखान्यात पाय बांधून पडलेला. अण्णा त्याला बघायला गेला होता. परत आला तो पायरीवरच बसला. "जितो असताना कोण धावना नाय, आणि मेल्यार जीव घेवन धावतत. मेलेल्याक कसली घाई गो, बाय? तो खंय जाता?" अण्णाला रडताना मी एकदाच पाहिलं. ती हीच वेळ.

पुढे माझं लग्न होऊन मी बेळगावला आले, अण्णा निवृत्त झाला, फोन आले आणि एक दिवस तारच बंद झाली. पोस्टानं टाकून दिलेले कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे अण्णानं घरी आणून ठेवले. त्यानंतर घरातली प्रत्येक चिठ्ठी त्या फॉर्मांवर. खोबरेल, साबण, कोंबड्यांचं खाद्य, सगळं वरती पत्त्यासकट! वहिनी म्हणायची, "वाण्याक वाटता, माझ्या घरात रोज कोणतरी मरता." शाळेच्या जुन्या हेडमास्तरांनी अण्णाला एक जाडजूड इंग्रजी कोश दिला होता, शब्दाचा पहिला अर्थ काय होता आणि पुढे काय होत गेला हे सांगणारा. अण्णा दुपारी वामकुक्षी सोडून तो वाचायचा आणि संध्याकाळी मला फोन. "बाय, ऐकतंस? सून म्हणजे मुळात काय, म्हायत आसा? आत्ता! या क्षणाक! हजार वर्षांपूर्वीचो इंग्रज सून म्हणालो की उठान उभो रवायचो." मग म्हणे लोक सून म्हणायचे आणि बसून राहायचे, असं करता करता शब्दच सैलावला. प्रेझेंटलीचंही तेच. आधी तत्क्षणी, मग थोड्या वेळानं, आणि आता लोक त्याचा अर्थ सध्या असा करतात. "सगळे शब्द आळशी केल्यानी गो ह्या माणसांनी. शब्दाचो काय दोष?" इमिजिएटलीचं मूळ सांगताना त्याचा आवाज हळू झाला होता. मध्ये काहीही नसणं, हा त्याचा पहिला अर्थ. दोन वस्तू एकमेकींना लागून, मध्ये फटसुद्धा नाही. वेळेशी त्याचा संबंध नंतर आला. "म्हणजे बघ," अण्णा म्हणाला, "आवशीच्या कुशीत पोर, तसा. आणि आमी तो मयताक वापरलो."

मी चेष्टा करायची, "अण्णा, एखादा शब्द तरी सुधारला की नाही?" तर म्हणाला, "आसा ना. तुझोच!" लहानपणापासून मी जेवायला हळू, चालायला हळू, म्हणून त्यानं माझं नाव 'स्लो पॅसेंजर' ठेवलं होतं. "स्लो ही आधी शिवी होती. मठ्ठ, आळशी असो अर्थ. आता तसा काय नाय. नुसता सावकाश. एवढो एकच शब्द म्हातारपणी शाणो झालो." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

श्रावणात अण्णाचा मोबाईलवर निरोप आला. त्याला मराठी टाइप करायचा कंटाळा, नेहमी तारेसारखं मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायचा. दोनच शब्द होते. कम सून.

आता मी काय लिहू? साऱ्या जगात एकच बाई अशी होती जिला त्या दोन शब्दांचा अर्थ सांगायची गरज नव्हती, आणि ती मी. पण मेलं काय झालं होतं मला त्या दिवशी? गॅसवर कुकर होता, दाराशी कोणीतरी आलं होतं. मी वाचलं, हसले, म्हटलं अण्णाला आठवण आली वाटतं. लिहिलं, 'चतुर्थीक येतंय.' खाली दोन हात जोडलेले. पण चतुर्थीला आमच्या घरचा गणपती सोडून निघता आलं नाही, त्यात पाहुणे. मग मुलगी चार दिवस राहायला आली. मग गुडघा धरला. मध्ये दोनदा फोन केला, तेव्हा अण्णाचा आवाज बारीक वाटला. मी विचारलं, "बरा आहेस ना?" म्हणाला, "आसंय. तू येतंस ना?" मी म्हटलं, "दिवाळीत निवांत येते रे, चांगली आठ दिवस राहते." मग म्हणाला, "बरा. ये." ...चार तासांची वाट आहे हो बेळगावहून. चार तासांची! परदेशातली माणसं येतात आणि मी घाटाच्या वर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. नवरात्र संपायच्या आत अण्णा गेला.

बारावं-तेरावं होईपर्यंत मी तिथेच राहिले. निघायच्या आदल्या दिवशी वहिनीनं तो कोश माझ्यापुढे ठेवला. "ह्यां तुझ्याकडे देवक सांगितल्यानी होता." मी तो उघडला तर पानापानांत खुणेला तारेचे फॉर्म. एकावर साबण, एकावर माडावरचे नारळ काढणाऱ्या पाडेल्याचा नंबर. आणि एक नीट भरलेला. वर माझं नाव, बेळगावचा पत्ता, पिनकोडसकट. खाली त्याच्या त्या सुबक मोठ्या इंग्रजी अक्षरांत मजकूर. अण्णा एक्स्पायर्ड. कम स्लोली. तारखेची जागा कोरी होती, आणि खाली त्यानं हातानं रेघ मारून मराठीत लिहिलं होतं, 'मिळाल्याची सही व वेळ.' सही घेतल्याशिवाय त्यानं आयुष्यात कुणाच्या हातात तार दिली नव्हती.

मी वहिनीकडे बघितलं. ती तोंडाला पदर लावून उभी होती. म्हणाली, "भादव्यात लिवल्यानी तां. माका बजावल्यानी होता, 'महेशाक सांग, फोनार काय एक बोला नको. ह्या कागदावरचा तेवडाच वाच. ती घाटातसून येतली, धुक्यात.' पण त्या सकाळी आमका काय्येक सुचला नाय गो... इसारलंव."

म्हणजे भाद्रपदात, मी घरी मोदक वळत होते तेव्हा, अण्णा हे लिहीत बसला होता. मी वेळेत येत नाही, हे त्याला तेव्हाच समजलं होतं. रागाचा एक शब्द त्यानं लिहिला नाही. त्याला फक्त माझी काळजी होती, मी घाट नीट उतरते की नाही ह्याची. आणि मी त्या ड्रायव्हरच्या डोक्यावर बसून, कठड्याला गाडी घासत, तीरासारखी धावत आले होते. अण्णा जिवंत असताना सावकाश आणि गेल्यावर लगेच. वाडीतल्या त्या माणसांना मी बाकावर बसून किती नावं ठेवली होती.

तो फॉर्म आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, फळीवर, कोशाच्या खाली दाबून ठेवलेला, त्याची एक कड बाहेर दिसते. परवा दुपारी काढला, चष्मा लावला आणि त्यानं मारलेल्या रेघेवर सही केली. लग्नाआधीच्या नावाची, त्याला तीच ठाऊक. पेन तसंच हातात धरून मी बराच वेळ बसले होते. सहीच्या पुढे मिळाल्याची वेळ लिहायची होती.