मंत्र्यांच्या डोक्यावर मारलेल्या थापट्या

भीती मी पुष्कळ पाहिली आहे, पण त्या सकाळी सरकारी अतिथीगृहाच्या व्हरांड्यात जी पाहिली, तिच्यापुढे बाकीच्या सगळ्या मांजरीची पिल्लं.

तेव्हा मी बेंगळुरात एम्प्लॉयमेंट एक्सचेंजमध्ये हंगामी कारकून होतो. बेकारांची नावं नोंदवायची तिसरी खिडकी माझी. रांग एवढी लांब, की मल्लेश्वरमला शेपटाशी उभा राहिलेला तरुण खिडकीशी पोचेपर्यंत आजोबा व्हायचा. लग्न जमवताना माझ्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या भावानं, सासऱ्यांना 'सरकारी नोकरी' ठणकावून सांगितलं होतं आणि 'हंगामी' हा शब्द खोकल्यात उडवला होता. आता बायकोला सातवा महिना होता आणि सासरे मुक्कामाला आले होते.

अशात दिल्लीहून मंत्री आणि उपमंत्री आले. दोघेही मराठी मुलखातले. आमच्या साहेबांनी मला कागद घेऊन त्यांच्या खुर्च्यांमागे उभं केलं, "हा इथलाच, लोकल मनुष्य," अशी ओळख करून दिली आणि ते फोन घ्यायला आत गेले. झालं! लोकल म्हणजे कानडी, असं धरून दोघे मराठीत सुटले. आमचं घराणं इथं कित्येक पिढ्या मराठीच बोलतंय, हे त्यांना कोण सांगणार?

"सोमवारी प्रश्नोत्तरांचा तास आहे," उपमंत्री म्हणाले. "बेकारी वाढली की घटली, विचारणारच. पुरवणी प्रश्नांत सोलून काढतील."

"बेकारी कुठली वाढतेय हो? नोंदणी वाढतेय. खिडकी दिसली की माणूस येतो, माणूस आला की आकडा होतो. इथली ती तिसरी खिडकी बंद करायला सांगा."

माझ्या काळजाचा ठोका असा पडला, की झाडावरचे कावळे उडाले.

"आणि तिथला कारकून?"

"हंगामीच असणार. जाईल घरी."

"घरी कशाला? तोही बेकार म्हणून नाव नोंदवायला येईल की!"

"येऊ दे! पण कुठल्या खिडकीवर?"

स्वतःच्याच विनोदावर मंत्री एवढे हसले, की कॉफी भलतीकडे गेली आणि ठसका लागला. चेहरा लाल, मग जांभळा, डोळे बाहेर. उपमंत्री नुसते "पाणी, पाणी" करत बसले. मला सासरे दिसत होते, बायको दिसत होती, आणि तरी माझा हात आपोआप उठला. भारत सरकारच्या मंत्र्यांच्या डोक्यावर थापट्या मारत मी ओरडलो, "वर बघा, वर बघा! चिमणी उडाली, चिमणी!"

मंत्र्यांनी निमूट वर बघितलं. ठसका थांबला. मग ते सावकाश माझ्याकडे वळले.

"तुम्हाला मराठी येतं?"

"घरी तेच बोलतो साहेब. स्वल्प कानडी मिसळून."

"मघापासून सगळं ऐकलंत?"

मी मान हलवली.

उपमंत्री पांढरेफटक पडले. "सभागृहाआधी हे बाहेर फुटलं तर हक्कभंग आणतील आपल्यावर!"

आता व्हरांड्यात घाबरलेले तिघे झाले. तेवढ्यात आमचे साहेब परतले आणि माझा अवतार बघून म्हणाले, "काही चुकलं का, सर? हा तिसऱ्या खिडकीवरचा हंगामी. आजच काढून टाकतो!"

"काढायचं नाही!" मंत्री एवढ्यांदा ओरडले, की पुन्हा ठसका लागतो की काय असं वाटलं. "खिडकी राहू दे. आणि यांना कायम करा. बाहेर... बाहेर कुठं जाऊ द्यायचं नाही."

मी कायम झालो. सासरे तृप्त होऊन गावी गेले. पण पुढं कितीतरी वर्षं रेडिओवर मंत्रिमंडळातल्या फेरबदलाची बातमी लागली, की माझ्या हातातला घास हातातच राही. बायको कौतुकानं शेजारणीला सांगे, "आमच्याकडे राजकारणाची भारी आवड हो!"

मी मात्र एवढंच ऐकत असे, मला घाबरणारा माणूस अजून खुर्चीवर आहे ना.