मडक्यातलं बाळ

गेल्या उन्हाळ्यात ग्रीसच्या एका छोट्या बेटावर खोदकामाला होते. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती... दगडी पायाची घरं, मधून अरुंद बोळ आणि समोर समुद्र.

त्या दिवशी एका घराची जमीन ब्रशनं साफ करत होते, तर भिंतीलगत मडकं लागलं. आडवं ठेवलेलं, तोंडावर चपटा दगड. खोदकामावर देखरेख करणाऱ्या बाईंनी लगेच ओळखलं, आत तान्हं बाळ असणार... तिथं त्या काळी लहान लेकरू गेलं की असं घरातच पुरायचे.

खरं सांगते, मला आनंद झाला. इतकं जुनं मडकं अख्खं हाती लागणं म्हणजे आमच्या कामात नशीबच.

जेवणाच्या सुट्टीत मायचा व्हिडिओ कॉल आला. माय म्हणजे माझी आई, ती आमच्या गावी संतपूरला असते. मी हौसेनं तिला मडकं दाखवलं, आत काय असेल तेही सांगितलं.

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "निजलंय की ते. कामून उचलायलात?"

मी समजावलं... हाडांवरून बाळ केवढं होतं ते कळतं, कधीकधी कशानं गेलं तेही. मग सगळं म्युझियममध्ये जाईल. परत तिथंच ठेवणार न्हाईत का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटल्यावर कॉल कट झाला. मला वाटलं, रेंज गेली असेल...

दिवाळीला घरी गेले, तेव्हा माय मला एकटीलाच शेतात घेऊन गेली. तूर फुलावर आली होती. कडेला उभं राहून तिनं सांगितलं, की माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती. नाव ठेवायच्या आधीच गेली. अप्पांनी तिला मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि इथं रानात आणून पुरलं.

"मी बाळंतीण. मला कुणी येऊ दिलं न्हाई. कुठं ठिवलं ते तुझ्या अप्पालाच ठावं. मला इचारायचा धीर झाला न्हाई, अन् तेबी कधी बोलले न्हाईत."

माझे वडील, अप्पा, आता नाहीत. मधल्या काळात बांध मोडून सगळं रान एक केलं, त्यावर कितीदा ट्रॅक्टर फिरला.

माय म्हणाली, "तू इतकी जुनी लेकरं हुडकायलीस... हिला हुडकशील का गं? उचलायचं न्हाई. नुसती जागा कळू दे."

मी खाली बसले, माती हातात घेतली. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, पोटातलं सगळं वरखाली करते. इतकी कोवळी हाडं तिच्यात कुठली टिकायला... पण हे मायला कसं सांगणार? नुसतं म्हटलं, "न्हाई जमायचं, माय."

"व्हय," ती म्हणाली. मग पदर खोचून तुरीतलं तण उपटू लागली. मीही तिच्या शेजारी बसून उपटत राहिले. अप्पा असताना हे कळलं असतं तर त्यांनी नुसता हात करून दाखवलं असतं... आता ते कायमचं राहून गेलं. इतक्या वर्षांनी मायनं मला सांगितलं, एवढंच काय ते हाती आलं.

परतताना बिदरच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, किती भावंडं तुम्ही? मी आणि धाकटा भाऊ, असंच आजवर सांगत आले होते. या वेळी "तिघं. थोरली बहीण, मी आणि धाकटा भाऊ," म्हणाले.

थोरली कुठं असते, त्यांनी विचारलं.

"संतपूरलाच," मी म्हणाले.