गुलाबबाई नाळ आणायला निघाली

गुलाबबाईचं बूड एका जागी कधी टेकलं नाही. मोलगीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर तिचं घर. पण दिवाळी झाली की ती गुजरातेत निघाली, कधी ऊसतोडीला, कधी बांधकामावर, आणि होळीला परत. परत आली म्हणजे बसली असंही नाही. अंगण सारवता सारवता मध्येच उठून लाकडं फोडायची, लाकडं अर्धी टाकून बाजाराला निघायची. तिचा नवरा दिनेश थंड स्वभावाचा. "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं पाठवलंय," असं म्हणायचा आणि मुकाट्यानं भिंगरीमागं चालायचा.

त्या घरातली माणसं आपसात भिली बोलतात. ते इथं मराठीत सांगितलंय, तेवढं चालवून घ्या.

त्यांची एकुलती एक पोर सुनिता. अकरा वर्षांची, मोलगीच्या आश्रमशाळेत पाचवीला. आईबाप गुजरातेत असले की ती शाळेतच राहायची. तिथं लोणखेड्याच्या रोहिणी मॅडम इंग्रजी शिकवत. त्यांनी यंदा भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता, त्यावर शहराची चित्रं: बँक, मार्केट, पोस्ट ऑफिस, हॉस्पिटल, लायब्ररी, रेल्वे स्टेशन, म्युझियम, मॉल, थिएटर. पोरं चित्रावर बोट ठेवून ओरडायची. बँक आणि मार्केट मोलगीतच होतं, त्यामुळे तिथवर सगळे हुशार. पुढं सरकलं की वर्ग गप्प व्हायचा, आणि सुनिताचा आवाज तेवढा चालू राहायचा. हॉस्पिटलच्या चित्रावर तर ती कुणाला बोट ठेवू द्यायची नाही. "ते माझं. मी तिथं जन्मले. हॉस्पिटल उघडायच्या आधीच जन्मले, म्हणजे पहिला पेशंट मीच."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. नंदुरबारला एका मोठ्या दवाखान्याचं बांधकाम चालू असताना गुलाबबाई तिथं पोटुशी असून वाळू वाहत होती. ऐन थंडीत तिला कळा आल्या. वर स्लॅब पडला होता, भिंती नव्हत्या. रोग्यांची ढकलगाडी वर न्यायचा उतार तेवढा तयार होता. त्याच्या खाली, साड्यांचा आडोसा करून, भिकुबाई नावाच्या म्हातारीनं तिला मोकळं केलं. नाळही तिथंच पुरली. दुसरं काय करणार?

सुनिता सुटीला घरी आली की तक्ता तोंडपाठ म्हणायची, आणि गुलाबबाई चुलीपुढं बसून आपली भर घालायची. मॉल? तो सुरतेला, चार महिने विटा वाहिल्या, जिन्यात अंधार फार. थिएटर? बारडोलीला, आत हाक मारली की घुमायची. पोर म्हणायची, "आत काय असतं गं याहा?" याहा म्हणजे आई. गुलाबबाईला सांगता यायचं नाही. काचा बसायच्या आधी, रंग लागायच्या आधी मुकादम त्यांना दुसऱ्या कामावर हलवायचा. तिनं निम्मं शहर बांधलं होतं, पण सगळं अर्धवट पाहिलेलं. तिच्या लेखी शहर म्हणजे ओल्या सिमेंटचा वास आणि वर आलेल्या सळया.

होळी होऊन महिना झाला आणि रोहिणी मॅडम चालत घरी आल्या. घामाघूम झाल्या होत्या, पाणी पिऊन त्यांनी सरळ विषय काढला. नाशिकच्या एका इंग्रजी शाळेत आश्रमशाळेची काही मुलं पाठवायची आहेत, राहणं-खाणं सगळं तिथंच, त्यात सुनिताची निवड झाली आहे. "गुलाबबाई, पोरगी चमकेल. पण तुमचा होकार पाहिजे. पुढच्या बाजारापर्यंत सांगा."

सुनितानं उडीच मारली. गुलाबबाई मात्र उठून लाकडं फोडायला लागली.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. भाकरी तव्यावर टाकायची आणि विसरायची. विहिरीवर जाऊन रिकामी घागर घेऊन परत यायची. दिनेश म्हणाला, "दरवर्षी तू तिला इथं सोडून जातेस, तेव्हा काही नाही होत?"

"मी परत येते की!"

"तीही येईल."

"रामसिंग आला?"

रामसिंग हा गुलाबबाईचा धाकटा भाऊ. शिकला, सुरतेला कंपनीत लागला. दोन होळ्यांना आला, मग एका होळीला फोन आला, आणि पुढं फोनही थांबला. तिची आई त्याची वाट बघता बघता गेली. त्याला राग नव्हता, भांडण नव्हतं. नुसता आला नाही.

मग एका दुपारी गुलाबबाईच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांच्या पाड्यात मूल जन्मलं की नाळ घरातच, चुलीच्या शेजारी पुरतात. जाणती माणसं सांगतात, नाळ जिथं पुरली तिथं जीव ओढतो. आता सुनिताची नाळ कुठं? नंदुरबारला, दवाखान्याखाली! म्हणूनच पोर रात्रंदिवस हॉस्पिटल, स्टेशन, लायब्ररी करते. शहर तिला ओढतंय. हे आपल्या आधी कसं ध्यानात आलं नाही म्हणून तिनं कपाळावर हात मारला. उपाय तर सोपा होता. तिथली मूठभर माती आणायची, आपल्या चुलीशेजारी पुरायची, मग पोर नाशिकलाच काय, विलायतेला गेली तरी परत येईल.

दिनेश म्हणाला, "अकरा वर्षांनी नाळ राहते होय?"

"माती तर राहते!"

दुसऱ्या दिवशी तिनं खुरपी फडक्यात गुंडाळली, सुनिताला उठवलं आणि पहिली जीप गाठली. पोरीला एवढंच सांगितलं, की तुझी जन्माची जागा दाखवते. देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा, तिथून एसटी. तळोदा मागं पडलं, तापीचा पूल आला आणि सुनिता खिडकीला चिकटली. नंदुरबार सुरू झाल्यावर तर तिचं तोंड बंद होईना. "पेट्रोल पंप! कॉलेज! याहा, ते बघ, पोलिस स्टेशन! बस स्टँड!" तक्त्यावरची चित्रं खरी होऊन दोन्ही बाजूंनी पळत होती. शेजारची माणसं हसायला लागली. एरवी गुलाबबाईलाही कौतुक वाटलं असतं, पण आज एकेक शब्द तिला टोचत होता. तिनं फडक्यातली खुरपी घट्ट धरली.

दवाखाना तिनं ओळखलाच नाही. सुनितानं पाटी वाचली म्हणून कळलं. काचा, पांढरा रंग, पुढं गाड्यांची रांग. गुलाबबाई दारातच चपला काढून हातात घेऊन उभी राहिली. चुडामण नावाचा वॉचमन उठून आला. इकडच्या माणसासारखी त्याची बोली अहिराणी.

"कोनले भेटनं शे, बाई? पेशंट कोन शे?"

"पेशंट नाही. ही पोर."

"पोरले काय व्हयनं?"

"जन्मली."

"कव्हय?"

"अकरा वर्षं झाली."

चुडामणनं एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा आईकडं. "मंग आते काय लेवाले उनी?"

काय घ्यायला आलो ते सांगण्याऐवजी तिनं फडक्यातली खुरपी पदराखाली सरकवली. तेवढ्यात एक ॲम्ब्युलन्स आली, चुडामण फाटकाकडं धावला आणि मायलेकी आत शिरल्या.

आत गार होतं. गुलाबबाई गोंधळून गेली. इथं खांब होता, तिथं वाळूचा ढीग, पलीकडं तिची तीन दगडांची चूल. आता नुसते दरवाजे आणि दरवाज्यांवर अक्षरं. सुनिता वाचत सुटली, फार्मसी, लॅब, ऑफिस. गुलाबबाईला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, कारण तिनं ही जागा सोडली तेव्हा हिला नावंच नव्हती. एका वळणावर मात्र तिच्या पायाखालची फरशी चढायला लागली आणि तिचे पाय आपोआप थांबले. ती चढण तिनं डोक्यावर घमेलं घेऊन इतक्यांदा चढली होती की चूक होणं शक्य नव्हतं.

"हाच उतार," ती म्हणाली. "ह्याच्या खाली."

खाली आता छोटी खोली होती, दार उघडं. आत बादल्या, पोछे, फिनेलचे डबे. गुलाबबाई वाकून आत गेली. खाली बसून तिनं तळहातानं फरशी चाचपली. इथंच. डोकं ह्या बाजूला होतं, भिकुबाई त्या बाजूला. तिनं फडकं सोडलं आणि दोन फरश्यांच्या फटीत खुरपीचं टोक घातलं. सुनिता घाबरून दारात उभी राहिली.

"ओ माय! फरशी फोडी ऱ्हायनी का काय?" मागून आवाज आला. झाडूपोछाची शोभाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "काय गमी गयं तुन्हं आठे?"

काय हरवलं म्हणून विचारल्यावर गुलाबबाईचा बांध फुटला. मोडक्या मराठीत, अर्धं भिलीत, तिनं सगळं सांगितलं. स्लॅब, थंडी, साड्यांचा आडोसा, नाशिकची शाळा. नाळ घरी न्यायचीय, नाहीतर पोर जाईल ती जाईलच. शोभाबाईला आधी हसू आलं. मग आलेलं हसू विरून गेलं आणि तीही बादली उपडी करून तिच्यावर बसली.

"खाल काँक्रीट शे माय, खुरपीघाई काय व्हनार? आनि मन्ही नाळ कोठे पुरेल शे, माले भी माहीत नई. माय मरी गयी. आते कोनले इचारू?"

सुनिताला अहिराणी अर्धीमुर्धी कळायची. आपण इथं खरं कशासाठी आलो हे तिला आत्ता उमगलं. तिनं साधा प्रश्न केला. "याहा, तुझी नाळ कुठं आहे?"

"माझी? घरी. माझ्या आईच्या चुलीशेजारी."

"आणि रामसिंग मामाची?"

"तिथंच. हाताभर अंतरावर..."

बोलता बोलता गुलाबबाई थांबली. आईच्या चुलीशेजारी. मग ती स्वतः पंधराव्या वर्षापासून कुठं होती? बारडोली, व्यारा, सुरत, नंदुरबार. त्या नाळेनं तिला एक हिवाळा तरी घरी बसवलं होतं का? आणि रामसिंगला? आईनं तर जाईल तिथं सगळ्यांना सांगितलं होतं, नाळ घरात आहे, येईल. ती मेली तेव्हाही चूल तिथंच होती, नाळ तिथंच होती, आणि तो नव्हता.

तिला वाटलं होतं, भीती गेली तर हलकं वाटेल. उलटच झालं. नाळ ओढत असती तर तिला खणता आलं असतं, फडक्यात बांधून नेता आलं असतं. ओढणारं असं काहीच नसेल तर माणसाला धरायचं कशानं? तिला भयंकर एकटं वाटलं आणि ती पदर तोंडाला लावून रडली. शोभाबाई बाहेर जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पुढं ठेवला.

पाणी पिऊन झाल्यावर सुनिता हळूच म्हणाली, "मी नाही जात नाशिकला."

हेच ऐकायला गुलाबबाई चार दिवस तळमळत होती. पण शब्द कानावर पडले आणि तिला संताप आला. पोरीचा नाही, स्वतःचा. सकाळपासून खिडकीतून ओरडणारी पोर आता फिनेलच्या डब्यांमध्ये खाली मान घालून उभी होती, आणि ती मान आपण खाली घातली होती.

"नाशिकच्या स्टँडवर काय लिहिलेलं असेल, ते वाचता येईल तुला?"

"येईल."

"नंदुरबारची गाडी कोणती, ती?"

"येईल."

"आणि कुणी सांगितलं नाही, कुणी न्यायला आलं नाही, तरी घरापर्यंत यायची वाट?"

"मोलगीपर्यंत वाचत येईन. पुढं पाट्या नाहीत. पुढची मला माहीत आहे."

"मग जा," गुलाबबाई म्हणाली. खुरपी तिनं पुन्हा फडक्यात बांधली. शोभाबाईनं फरशीवरून एकदा ओला पोछा फिरवला आणि दोघींना मागच्या दारानं बाहेर काढलं, चुडामणचे आणखी प्रश्न नकोत म्हणून.

बाजाराच्या दिवशी गुलाबबाईनं मॅडमना होकार दिला. त्यानंतरही तिच्या जिवाची घालमेल संपली नाही. पोरीचे कपडे तिनं तीनदा धुतले, पत्र्याची पेटी सतरा वेळा उघडून बघितली. एके दिवशी सकाळी उठून विचारलं, नाशिकला विहीर असते का.

जूनमध्ये जीप आली. मॅडम पुढं बसल्या, मागं चार पोरं आणि पेट्या. सुनिता चढली, उतरली, परत चढली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. जीप हलली, वळणावर सुनिताचा हात दिसला, मग जीपही दिसेनाशी झाली.

गुलाबबाई हात वर करून रस्त्यावर उभी होती. जन्मभर जीपमध्ये तीच बसली होती. मागं उरलेल्या रस्त्याकडं तिनं कधी वळून पाहिलं नव्हतं, आणि आता त्यावर काय करायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. हात खाली घ्यायचा की वरच ठेवायचा? घराकडं आधी कोणी वळायचं?

दिनेश घराकडं वळला. मग म्हणाला, "चल, घरी जाऊ."

"थांब ना जरा," गुलाबबाई म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसली.