शेवयांच्या पायांचे कोळी

मंडळी, आज आमच्या अकोल्याच्या घरात कोळी झाले, तेही ऐन दिवाळीच्या साफसफाईत!

सोसायटीत मुलांचं हॅलोविन होतं, म्हणजे भुतं-कोळ्यांचा तो विदेशी सण. आम्ही इथे नवे, माझ्या ओवीला अजून एकही मैत्रीण नाही. म्हणून पोरांना वाटायला मी केकच्या चुऱ्याचे गोळे वळले, काड्यांवर खोचले, चॉकलेटमध्ये बुडवले अन् कोळ्यासारखे चॉकलेटचेच पाय लावले. तेवढ्यात झाडू घेऊन सासूबाई दारात.

"मी सकाळपासून जाळे काढून राहिली, अन् तू कोळी बनवून राहिली?"

त्यात ते पाय गरमीनं गळून पडायला लागले. ओवी रडवेली झाली. सासूबाईंनी झाडू ठेवला, उन्हाळ्यात केलेल्या शेवया तुपात भाजल्या अन् एकेका गोळ्यात टोचल्या.

"घे, आता नाही पडत."

संध्याकाळी ओवी रिकामा ट्रे घेऊन आली, मागे चार मैत्रिणी. "आजी, कोळ्याला आठ पाय असतात. तू सहाच लावले!"

सासूबाई तेव्हा स्टुलावर चढून शेवटचं जाळं काढत होत्या. थांबल्या. त्यातल्या कोळ्याचे पाय मोजले अन् झाडू खाली केला.

"राहू दे याले. पुढच्या वर्षी याले पाहूनच बनवू."

तुमच्या घरचा कोळी वाचला का हो यंदा?